अमेरिकेतला १९६५ चा मतदान हक्क कायदा गेला तर आपल्याला काय?

कृष्णाकाठची | १८ ऑक्टोबर २०२५

काल चकल्या करायला आम्ही चौघी जमलो होतो. भाजणी मळता मळता मी विषय काढला, की बुधवारी १५ तारखेला इथल्या सुप्रीम कोर्टात लुइझियाना राज्याच्या मतदारसंघांची, म्हणजे याच कायद्याची, सुनावणी झाली, मी ती सगळी ऐकली आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं तो काळ्या-गोऱ्यांचा जुना वाद, आपण कुठे आलो त्यात?" बाकीच्या दोघींनीही मान डोलावली. तेल तापलं होतं म्हणून मी गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय.

मागच्या उन्हाळ्यात अटलांटाहून गाडीने सेल्माला गेलो होतो. अलाबामा नदीवरचा तो एडमंड पेटस पूल मी फोटोत शंभर वेळा पाहिला असेल, पण एक गोष्ट तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पुलाला मधे मोठा उंचवटा आहे. गावाकडून चालायला लागलं की पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही, नुसतं वर चढत जायचं. ७ मार्च १९६५ ला नागरी हक्क चळवळीतला तरुण नेता जॉन लुइस आणि त्याच्या मागची सहाशेएक माणसं मताचा हक्क मागत तशीच चढत गेली आणि माथ्यावर पोचल्यावर त्यांना खाली रांगेत उभे असलेले पोलीस दिसले. तरीही ती उतरली. लुइसचं डोकं फोडलं. माझी मुलगी माथ्यावर थांबली आणि म्हणाली, "आई, इथून परत फिरता आलं असतं ना?" मला उत्तर सुचलं नाही.

त्या सेल्माच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती आणि त्यातल्या जेमतेम दोन टक्क्यांचं नाव मतदार यादीत होतं. पाचच महिन्यांत, ६ ऑगस्टला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने मतदान हक्क कायद्यावर सही केली. आणि त्याच जॉन्सनने ३ ऑक्टोबरला, दोन महिन्यांनी, इमिग्रेशन कायद्यावर सही केली ज्यामुळे आपली माणसं इथे येऊ शकली. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला किती जागा होत्या माहितेय? शंभर. दोन्ही कायदे एकाच काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) केले, एकाच हवेत. त्या पुलावरचा मार आपणही खाल्ला असं मी म्हणत नाही, पण ज्या दारातून आपण आत आलो ते दार त्या चळवळीने उघडलं.

आता तोच कायदा एकेक वीट काढत मोकळा करत आणलाय. तुम्हाला काय वाटतं? आपल्याला खरंच फरक पडत नाही?

---

बोरीचं_झाड | १८ ऑक्टोबर

ताई, पुलाचं वाचून अंगावर काटा आला. मी भारतात असते, अमेरिकेतलं फारसं कळत नाही. एकेक वीट म्हणजे नेमकं काय झालंय ते कुणीतरी सोपं करून सांगा ना, कायदा आहे तसाच आहे की रद्द झालाय?

---

नोटरी | १८ ऑक्टोबर

मी प्रयत्न करते. कायदा पुस्तकात आहे, पण हातपाय बांधलेत.

मुख्य कलमं दोन धरा. कलम ५ असं होतं की ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट त्यांनी निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा, अगदी एक बूथ हलवायचं म्हटलं तरी, आधी केंद्राची परवानगी घ्यायची. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, लुइझियाना, टेक्सास, व्हर्जिनिया वगैरे नऊ राज्यं पूर्ण आणि इतर राज्यांतल्या काही काउंट्या, त्यात न्यू यॉर्कचे ब्रूकलिन, मॅनहॅटन आणि ब्राँक्ससुद्धा होते. चोरी झाल्यावर तक्रार करण्याऐवजी चोराला आधी दारात अडवणारं कलम ते. २००६ मध्ये काँग्रेसने २५ वर्षांसाठी मुदत वाढवली, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य! आज कुठल्या विषयावर असं होईल सांगा.

२०१३ मध्ये शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५-४ ने ठरवलं की कुणाला परवानगी लागणार हे ज्या सूत्राने ठरतं ते सूत्र जुनं झालं. सूत्र गेलं की कलम ५ आपोआप लुळं. न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालात लिहिलं की आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं आहे हे. निकालाच्याच दिवशी टेक्सासने जाहीर केलं की अडकून पडलेला ओळखपत्राचा कायदा आता लागू. त्याच दिवशी हो, दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही.

ज्या शेल्बी काउंटीने "आम्ही सुधारलो" म्हणून खटला भरला तिथल्याच कॅलेरा नावाच्या छोट्या गावाने काही वर्षं आधी वॉर्डांची फेररचना केली होती. एकुलत्या एका कृष्णवर्णीय नगरसेवकाच्या वॉर्डात कृष्णवर्णीय मतदार सत्तर टक्क्यांच्या आसपास होते ते तीसवर आणले. केंद्राने हरकत घेतली होती तरी २००८ ची निवडणूक तशीच उरकली आणि तो माणूस पडला. मग कलम ५ होतं म्हणून निवडणूक पुन्हा घ्यावी लागली आणि तो परत निवडून आला. छत्री कशी चालते हे ज्या गावात दिसलं तिथूनच ती मोडायला निघाले.

दुसरं कलम २. ते देशभर लागू आहे आणि वंशामुळे कुणाच्या मताची किंमत कमी होत असेल तर कोर्टात जाता येतं. बुधवारचा वाद त्यावरच होता.

---

कोयनामाय | १८ ऑक्टोबर

नोटरीताई __/\__ इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

---

ह्यूस्टनचा_गणू | १९ ऑक्टोबर

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी १९९८ ला आलो, दोन सूटकेस घेऊन. माझ्यासाठी कुणी मतदारसंघ आखला नाही की राखीव ठेवला नाही. नागरिक झालो, मत द्यायला लागलो, बास. माणसाच्या कातडीचा रंग बघून नकाशावर रेघा मारायच्या हेच मुळात मला पटत नाही, मग त्या कुणाच्याही भल्यासाठी असोत. चौदावी घटनादुरुस्ती सगळ्यांना समान म्हणते ना? आणि लुइझियानाचा तो नवा मतदारसंघ नकाशावर बघा एकदा. श्रीव्हपोर्टपासून बॅटन रूजपर्यंत तिरका, एखादी ओढणी वाऱ्यावर सोडावी तसा. हे न्याय्य दिसतं का?

---

रानभेंडी | १९ ऑक्टोबर

गणूदादा, ओढणी कुणी सोडली ते पण सांगा की. तिथे एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय, केंद्राच्या सभागृहात सहा जागा, आणि २०२२ च्या नकाशात त्यांचं बहुमत फक्त एका जागेवर. कोर्टात दुसऱ्या जागेचे जे नमुने दिले होते ते चांगले आटोपशीर होते. पण विधिमंडळाने २०२४ मध्ये नकाशा काढताना स्वतःचे मोठे नेते वाचवायचे ठरवले, केंद्रातल्या सभागृहाचे अध्यक्ष माइक जॉन्सन आणि बहुमताचे नेते स्कॅलिस दोघं लुइझियानाचेच, त्यांच्या जागांना धक्का न लावता दुसरी जागा काढायची म्हणून ती अशी लांबट निघाली. हे त्यांनी लपवलंही नव्हतं. म्हणजे वाकडं केलं राजकारणाने आणि नाव आलं मतदान हक्क कायद्यावर.

---

भाऊ_चामोर्शीकर | १९ ऑक्टोबर

मी गडचिरोली जिल्ह्यातला, आमचा गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव. अमेरिकेत असं आरक्षण आहे का? म्हणजे त्या जागेवर गोरा माणूस उभाच राहू शकत नाही असं?

---

नोटरी | १९ ऑक्टोबर

नाही भाऊ, हाच मोठा फरक आहे आणि इथे खूप जणांचा घोळ होतो. आपल्याकडे उमेदवार राखीव आणि मतदार सगळे. तिथे उमेदवार कुणीही, फक्त रेघ अशी मारायची की एका ठिकाणी राहणाऱ्या समूहाला आपल्या पसंतीचा माणूस निवडण्याची *संधी* मिळेल. जागेची हमी नाही. उलट कायद्यातच लिहिलंय की लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क यातून तयार होत नाही.

गावाच्या भाषेत सांगते. साठ घरांचं गाव, दहा-दहा घरांचे सहा वॉर्ड. त्यातली वीस घरं एका वस्तीची, आणि बाकीचं गाव वर्षानुवर्षं त्या वस्तीच्या माणसाला मत देत नाही. आता ती वीस घरं सहा वॉर्डांत तीन-तीन चार-चार करून वाटली की वस्तीचा एकही सदस्य कधीच निवडून येणार नाही. हे झालं फोडणं. नाहीतर एका वॉर्डात दहाच्या दहा घरं कोंबायची आणि उरलेली दहा बाकी पाच वॉर्डांत दोन-दोन. एक सदस्य येतो, "बघा दिला की तुम्हाला" म्हणायला मोकळे. आणि वस्ती जशी आहे तशी सरळ धरली तर दोन वॉर्ड होतात. लुइझियानाचं गणित हुबेहूब हेच आहे, सहात दोन.

आणि कुणी उठून मागितलं की मिळतं असं नाही. १९८६ च्या गिंगल्स खटल्यापासून आधी दाखवावं लागतं की समूह पुरेसा मोठा आणि एकत्र राहणारा आहे, तो एकजुटीने मत देतो, आणि बाकीचे एकजुटीने त्याच्या विरोधात देऊन त्याचा माणूस नेहमी पाडतात. त्यानंतर बाकीची सगळी परिस्थिती तपासतात. फार कडक परीक्षा आहे.

---

बोरीचं_झाड | १९ ऑक्टोबर

म्हणजे आपल्या प्रभाग रचनेसारखंच की! आमच्या इथे रचना जाहीर झाली की चहाच्या टपरीवर नकाशा उघडून बसतात, कुठली गल्ली कुणाकडे गेली ते बघायला. ओढा सोडून रेघ मारली की सगळ्यांना कळतं कुणाची सोय झाली.

---

भाऊ_चामोर्शीकर | १९ ऑक्टोबर

समजलं आता. पण आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या रेघा परिसीमन आयोग मारतो. तिथे कोण?

---

रानभेंडी | १९ ऑक्टोबर

बहुतेक राज्यांत विधिमंडळच. म्हणजे ज्यांना निवडून यायचंय तेच. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की पक्षाच्या फायद्यासाठी रेघा मारल्या तर केंद्रीय कोर्टं त्यात पडणार नाहीत. मग राज्यं काय म्हणतात? "आम्ही काळ्यांना नाही फोडलं, आम्ही डेमोक्रॅट फोडले." दक्षिणेत ते दोन्ही बहुतेक तेच लोक! गेल्या वर्षी साउथ कॅरोलायनाच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की वंश आणि पक्ष वेगळे करून दाखवण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्याची. दुधात पाणी घालायचं त्यांनी आणि वेगळं करून दाखवायचं तुम्ही.

---

शाहूपुरी | १९ ऑक्टोबर

यावरून आठवलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेला होता, त्याच्या प्रती मागवल्या होत्या, आणि अस्पृश्यांची स्थिती आणि तिथल्या निग्रोंची स्थिती (तेव्हाचा शब्द) यांच्यात इतकं साम्य आहे की या अभ्यासाची गरजच आहे असं लिहिलं होतं. डू बॉइस यांचं उत्तरही आलं.

म्हणून "आपण कुठे आलो त्यात" हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याचं मला फार वाईट वाटतं. १९३२ ला येरवड्यात जो पेच होता तो हाच होता ना? मताचा हक्क मिळाला तरी आपल्या पसंतीचा माणूस निवडता येणार की बहुसंख्यांना चालेल असाच आपल्या नावाने निवडून येणार? पुणे करारात १४८ जागा मिळाल्या पण स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि ही सल बाबासाहेबांनी पुढे कितीदा बोलून दाखवली. नोटरीताईंनी जे "पसंतीचा माणूस" म्हटलंय त्या दोन शब्दांवर आपल्या महाराष्ट्रात एवढं मोठं रामायण घडलंय.

---

कृष्णाकाठची | २० ऑक्टोबर

शाहूपुरी, हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. आज अभ्यंगस्नान झाल्यावर लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली शाळेत डू बॉइस शिकवले पण हे पत्र कुणी सांगितलं नाही.

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.

---

ह्यूस्टनचा_गणू | २० ऑक्टोबर

शुभेच्छा सगळ्यांना. वरचं सगळं वाचलं. फोडणं-कोंबणं पटलं, पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. हे किती वर्षं चालायचं? मिलिगन खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी तेच म्हटलं होतं की वंश बघून रेघा मारणं अनंत काळ चालू शकत नाही. ६० वर्षं झाली. बराक ओबामा दोनदा निवडून आले.

---

मिनेसोटावहिनी | २० ऑक्टोबर

गणू भावोजी, मिलिगन काय होतं तेही पूर्ण सांगूया. जून २०२३, अलाबामा. सत्तावीस टक्के कृष्णवर्णीय, सात जागा, बहुमताची एकच. खालच्या कोर्टाने दुसरी द्या म्हटलं, सुप्रीम कोर्टाने ५-४ ने तेच उचलून धरलं, सरन्यायाधीश रॉबर्ट्स आणि कॅव्हनॉ दोघंही त्या बाजूला होते. तरी अलाबामाने पुन्हा जो नकाशा काढला त्यात दुसरी जागा दिलीच नाही! सुप्रीम कोर्टाने सांगूनसुद्धा. शेवटी कोर्टाला दुसऱ्याकडून नकाशा काढून घ्यावा लागला आणि २०२४ ला त्या दुसऱ्या जागेवरून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले. ६० वर्षांचा हिशोब मागताना दोन वर्षांपूर्वीचं हेही धरायला हवं ना? मुदत संपली का हे रोग्याला तपासून ठरवायचं, कॅलेंडर बघून नाही.

माझी काळजी आणखी वेगळी आहे आणि ती कुणी मांडली नाही. आमच्या भागाच्या केंद्रीय अपील कोर्टाने, आठव्या सर्किटने, २०२३ मध्ये ठरवलं की कलम २ खाली खटला फक्त सरकार भरू शकतं, साधा माणूस किंवा संस्था नाही. मिनेसोटा, आयोवा, मिसुरी, आर्कान्सा, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा, अशा सात राज्यांत. आजवर कलम २ चे बहुतेक खटले साध्या लोकांनीच भरलेत. हक्क तुमचा, पण मोडला तर ओरडायचं दुसऱ्याने, आणि तो दुसरा वॉशिंग्टनमध्ये कोण बसलाय त्यावर! नॉर्थ डकोटाच्या टर्टल माउंटन या मूळ अमेरिकन जमातीने स्वतःसाठी जिंकलेला खटला या कोर्टाने याच मुद्द्यावर घालवला होता, जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने तूर्त स्थगिती दिली म्हणून त्यांचा नकाशा वाचलाय. त्या लोकांच्या वस्त्यांवर घरांना रस्त्याचे पत्तेसुद्धा नसतात, टपाल पेटीवर येतं, आणि नॉर्थ डकोटाने नियम केला होता की ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता पाहिजे.

---

भाऊ_चामोर्शीकर | २० ऑक्टोबर

वहिनी, हे तर आमच्याच पाड्यांचं चाललंय असं वाटलं. पत्ता काय लिहायचा, "नाल्यापलीकडे, मोठ्या मोहाजवळ". पण आपल्याकडे निदान नियम आहे की मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जायला लागू नये, निवडणुकीची माणसं पेटी घेऊन जंगलात चालत येतात. पावसाळ्यात आमच्या शाळेत मुक्काम केलेत त्यांनी, माझ्या आईने भाकरी करून घातल्यात.

---

रानभेंडी | २० ऑक्टोबर

आणि तिथे उलटं. कलम ५ लुळं पडल्यावर, २०१२ शी तुलना करता २०१८ पर्यंत, आधी ज्या भागांना परवानगी लागायची तिथेच, १६८८ मतदान केंद्रं बंद झाल्याचं २०१९ च्या एका अहवालात मोजलंय.

---

ह्यूस्टनचा_गणू | २१ ऑक्टोबर

मिनेसोटावहिनी, खटला भरायचाच हक्क नाही हे मला माहीत नव्हतं आणि ते मला अजिबात मान्य नाही. ज्याचं नुकसान त्याला कोर्टाचं दार बंद, हे चूकच. नकाशाबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला.

---

हापूस_प्रेमी | २१ ऑक्टोबर

(थोडं अवांतर) मतपत्रिका मराठीत कधी मिळणार अमेरिकेत? :)

---

कृष्णाकाठची | २१ ऑक्टोबर

अवांतर नाहीच, हे तर माझ्या प्रश्नाच्या गाभ्याला आलात!

याच कायद्यात १९७५ ला कलम २०३ घातलं. स्पॅनिश, आशियाई, मूळ अमेरिकन आणि अलास्काच्या भाषांसाठी. एखाद्या काउंटीत एका भाषिक गटाचे, इंग्रजी नीट न येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक दहा हजारांच्या वर किंवा पाच टक्क्यांच्या वर असले (आणि शिक्षणाची आणखी एक अट आहे) तर त्यांच्या भाषेत मतपत्रिका आणि मदत द्यावीच लागते. शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी आहे, क्वीन्समध्ये बंगाली, आमच्या न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत गुजराती. हे कुणी दया म्हणून दिलेलं नाही. कायद्याने द्यावं लागतंय.

---

हापूस_प्रेमी | २१ ऑक्टोबर

म्हणजे मराठी यायला दहा हजार मराठी लोकांनी आधी इंग्रजी विसरायला पाहिजे. आमच्या बाबांपासून सुरुवात करू, ते सुनेशी बोलताना आधीच विसरतात :D

---

लिंबलोण | २२ ऑक्टोबर

हसले बाबांवर, पण आता माझा अनुभव सांगते.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. सातारा जिल्ह्यातल्या, शाळा चौथीपर्यंत. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झाली की नागरिकत्वाच्या मुलाखतीत इंग्रजीची अट नसते, तर त्यांनी दुभाषा घेऊन मराठीत मुलाखत दिली, घटनेचे प्रश्न मराठीत पाठ केले होते, भाजी निवडता निवडता "सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती? नऊ" असं चालायचं. नागरिक झाल्या. मग पहिल्या निवडणुकीला मी त्यांना घेऊन केंद्रावर गेले तर टेबलावरच्या माणसाने मला दोरीच्या पलीकडे थांबवलं. म्हणाला मशीनपाशी एकच जण. मी म्हटलं त्यांना वाचता येत नाही, तर म्हणे मग घरून टपालाने द्यायचं होतं. सासूबाई आत एकट्या उभ्या, पदर दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे बघतायत. त्यांना वाटलं त्यांचं काही चुकलं. "चल गं, नको आपल्याला" म्हणायला लागल्या.

रांगेतली एक कृष्णवर्णीय बाई, वयस्कर, हॅट घातलेली, पुढे आली आणि त्या माणसाला शांतपणे म्हणाली की कलम २०८ बघा. वाचता येत नसेल, अपंगत्व असेल, डोळ्यांनी दिसत नसेल तर मतदार आपल्या पसंतीचा मदतनीस नेऊ शकतो, फक्त तो मालक किंवा युनियनचा माणूस नसावा. त्याने फोन केला, दहा मिनिटं गेली, मग सॉरी म्हणून मला आत सोडलं. मी त्या बाईंचे आभार मानायला वळले तर त्या म्हणाल्या, माझ्या आईला मिसिसिपीत तीनदा परत पाठवलं होतं, मला ही कलमं तोंडपाठ आहेत.

मला २०८ माहीत नव्हतं. दोन डिग्र्या आहेत माझ्या, पण माहीत नव्हतं.

---

कोयनामाय | २२ ऑक्टोबर

लिंबलोण, डोळे भरून आले गं. सासूबाईंना नमस्कार सांग, पाडव्याचा.

---

नोटरी | २२ ऑक्टोबर

मिसिसिपीत १९६४ ला कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्के लोकांची नावं यादीत होती. १९६७ ला ५९.८. मधे फक्त हा कायदा. त्याआधी फॅनी लू हेमर १९६२ मध्ये नाव नोंदवायला गेल्या तर राज्यघटनेतलं 'डी फॅक्टो' कायद्यांबद्दलचं कलम काढून त्याचा अर्थ सांगा म्हणाले, शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला. नापास केलं आणि त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकाने घरातून काढलं. त्या हॅटवाल्या बाईंच्या आईला काय विचारलं असेल याची कल्पना करा.

---

चारोळी | २३ ऑक्टोबर

मी ग्रीन कार्डवर आहे. गाडीचं लायसन्स करताना मतदार नोंदणीचा चौकोन येतो तो भरला तर चालतो का?

---

नोटरी | २३ ऑक्टोबर

अजिबात नाही!! हात लावू नकोस. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलं तर ग्रीन कार्ड जाऊ शकतं आणि देशाबाहेर काढू शकतात. चुकून झालं असेल तर आजच वकिलाकडे जा.

---

अबोली_न्यूजर्सी | २३ ऑक्टोबर

भाऊबीज आवरून आत्ता सगळा धागा वाचला. मला एक भीती वाटते ती आपल्या बायकांच्याच लक्षात येईल. एप्रिलमध्ये हाउसमध्ये (काँग्रेसच्या खालच्या सभागृहात) मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा मागणारं बिल २२० विरुद्ध २०८ ने पास झालं, सिनेटमध्ये अडकलंय. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आताचं नाव जुळत नसेल तर आणखी कागद आणा. इथल्या बायकांचं निदान आडनावच बदलतं. माझं लग्नात पहिलं नाव बदललं, मधलं वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं, तीनच्या तिन्ही! माझ्याकडे पासपोर्ट आहे म्हणून निभेल. पण माझ्या लेकीच्या मैत्रिणीची आजी अलाबामाची, घरी सुईणीच्या हातून जन्मलेली, तिच्याकडे जन्मदाखलाच नाही आणि पासपोर्ट कधी काढला नाही. नियम सगळ्यांना सारखा दिसतो, अडकतं कोण ते बघा.

---

शाहूपुरी | २४ ऑक्टोबर

नागरिकत्व दिलं म्हणजे कायमचं, असंही आपण समजू नये. १९२३ ला भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि ज्यांना आधी दिलं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकार निघालं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरच ती वेळ आली, ते कोर्टात लढले आणि टिकले. कायद्याने भारतीयांना पुन्हा दार उघडायला १९४६ उजाडलं.

---

ह्यूस्टनचा_गणू | २५ ऑक्टोबर

थिंडचं आज पहिल्यांदा वाचलं, मग रात्रभर वाचत बसलो. मी वर लिहिलं की माझ्यासाठी कुणी काही केलं नाही. ते वाक्य मी मागे घेतो. रेघांबद्दल अजून विचार करतोय.

---

मिनेसोटावहिनी | २६ ऑक्टोबर

वाट बघत बसण्यापेक्षा राज्यांत काम करता येतं. केंद्राचा कायदा पुन्हा मजबूत करायचं जॉन लुइसच्या नावाचं बिल २०२१ ला हाउसमध्ये पास होऊन सिनेटमध्ये अडकलं. पण कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, व्हर्जिनिया, न्यू यॉर्क, कनेक्टिकट, आमचं मिनेसोटा आणि यंदा कोलोरॅडो, यांनी स्वतःचे मतदान हक्क कायदे केलेत. आमच्याकडे २०२४ ला झाला तो आठव्या सर्किटच्या निकालामुळेच, साध्या माणसाला राज्याच्या कोर्टात जाता यावं म्हणून. आम्ही मराठी मंडळाच्या सहा बायका आमदाराच्या ऑफिसात गेलो होतो, थंडीत, बरोबर डबाभर लाडू. न्यू जर्सीवाल्यांनो, तुमचं बिल अजून पडून आहे.

---

अबोली_न्यूजर्सी | २६ ऑक्टोबर

वहिनी, आम्ही जातो. कोण कोण येतंय? मी आमच्या आमदाराच्या ऑफिसला उद्या फोन करते.

---

कृष्णाकाठची | २७ ऑक्टोबर

मी आहे. आणि ऐका, ज्या मैत्रिणीने "आपण कुठे आलो त्यात" म्हटलं होतं तिला मी लिंबलोणचा प्रतिसाद पाठवला. तिने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. काल रात्री फोन आला, तिची आई इथेच असते, नागरिक आहे, गेल्या चार वर्षांत एकदाही मत दिलं नाही कारण "तिला कुठे वाचता येणार". विचारत होती की ते २०८ का काय ते छापून मिळेल का.

न्यू जर्सीत लवकर मतदान २ नोव्हेंबरपर्यंत आहे, शनिवारी १० ते ८. मी १ तारखेला गाडी घेऊन निघतेय, आमच्या भागातल्या तीन आज्या ठरल्यात, एक जागा शिल्लक आहे.

---

लिंबलोण | २७ ऑक्टोबर

ती जागा सासूबाईंची धर, माझी शनिवारी ड्यूटी आहे. त्यांना वाचायचा चष्मा घ्यायची आठवण कर, नाहीतर लांबचाच घेऊन येतील. आणि मदतनीस म्हणून तुझंच नाव सांगायला सांगितलंय, पाठ करतायत.